टेबलामागची जागा

लाओशी, आधी एक कोडं घालते. फोनवर कुणीतरी आपल्याला काहीतरी लांबलचक सांगत असतं. आपण मन लावून ऐकत असतो, एक शब्दही निसटू देत नाही, आणि तरी अर्ध्या मिनिटात पलीकडचा माणूस थांबतो नि विचारतो, "हॅलो? आहेस ना?" आपण कुठेही गेलेलो नसतो. आपण फक्त "हं" म्हणालेलो नसतो. त्या "हं"मध्ये माहिती शून्य असते, मत नसतं, विनोद तर नसतोच. मग तो काढून घेतला की समोरच्याची गोष्ट जागच्या जागी का अडते? हे कोडं बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी पडलेलं असतं, पण त्याच्यावर विचार करायला कुणी थांबत नाही. मी थांबले, कारण मी फिजिक्स शिकवते, आणि ज्याला स्वतःचं वजन नाही त्याने इतका भार कसा पेलावा, हा प्रश्न मला सोडवत नाही. उत्तर तुमच्याकडे होतं. ते मिळाल्यावर मी त्याचं काय केलं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मराठीत लिहिते आहे. तुम्ही हयात असतात तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं. आपण दोघं अकरा वर्षांपूर्वीपर्यंत इंग्रजीत बोलत होतो, तुमची इंग्रजी तिएनजिनची, माझी नागपूरची, आणि नॉटिंगहॅमच्या लोकांना दोन्ही सारख्याच लांबच्या वाटायच्या. तुमच्या संध्याकाळच्या चिनी भाषेच्या वर्गाला मी एक हिवाळाभर आले. त्यातून माझ्या पदरात नीट उच्चारासकट एकच शब्द पडला, लाओशी, म्हणजे मास्तर. शेवटच्या तासाला तुम्ही माझी वही बंद केलीत आणि म्हणालात, "मॅडम फिजिक्स, तुझं चिनी ऐकून माझी भाषाच मला परकी वाटायला लागली आहे. पण तू प्रश्न छान विचारतेस. गुरुवारी ये. मला टेबलामागे उभं राहायला माणूस हवा आहे."

तुमच्याकडचा तो जुना विनोदी प्रकार, शियांगशेंग, दोघांचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे तुमच्या शेजारी उभी राहून मी ते इतक्यांदा समजावून सांगितलं आहे की आता झोपेतही सांगेन. एक लांब झगा घातलेला माणूस टेबलाच्या बाजूला मोकळा उभा असतो. तो सांगणारा. दुसरा तसाच झगा घालून टेबलामागे उभा असतो. तो हुंकार देणारा. "असं?" "मग?" "छे, काहीतरीच." एवढंच त्याचं काम. टेबलावर मिटलेला पंखा, तळहाताएवढा लाकडी ठोकळा आणि घडी घातलेला रुमाल. बाकी ना पडदा, ना सोंग, ना नाच. मी तुम्हाला आमच्या गोंधळाबद्दल सांगितलं होतं, की मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि त्याचा जोडीदार मध्येच वेड्यासारखे प्रश्न विचारतो, तेव्हा तुम्ही ट्राममध्येच माझा हात धरून हलवलात. "म्हणजे तुमच्याकडेही टेबलामागचा माणूस आहे." "आमच्याकडे टेबल नाही," मी म्हणाले. "टेबल महत्त्वाचं नाही," तुम्ही म्हणालात, "मागे असणं महत्त्वाचं."

विनोदाला तुमच्याकडे गाठोडं म्हणतात. हा शब्द तुम्ही पहिल्या गुरुवारी ज्या पद्धतीने शिकवलात, त्याहून चांगला पाठ मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. रुमाल टेबलावर पसरलात. त्यात एक चमचा ठेवलात, मग किल्ली, मग ट्रामचं तिकीट. प्रत्येक वस्तू उचलून सगळ्यांना दाखवलीत, नाव घेतलंत. मग चारी टोकं बांधलीत आणि भलतंच काहीतरी बोलू लागलात, तिएनजिनच्या हवेबद्दल, तुमच्या कारखान्यातल्या हौशी मंडळाबद्दल, पायमोज्यांबद्दल. आम्ही रुमाल विसरलो. मग तुम्ही एका झटक्यात गाठ सोडलीत, चमचा खणकन पडला, आणि सगळे हसले. "यात लपवलेलं काय होतं?" तुम्ही विचारलंत. काहीच नव्हतं. "म्हणून हसलात. आत काय आहे ते तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, आणि ते तुम्ही विसरला होतात."

आपले गुरुवार इंग्रजी प्रश्नोत्तरांचे होते. संध्याकाळी सहा वाजता, ट्रामच्या थांब्याजवळच्या त्या कम्युनिटी सेंटरमध्ये, पंचवीस-तीस माणसं. लोक आल्या आल्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. मी चिठ्ठी काढायची, मी विचारायचं, तुम्ही सांगायचं. पंखा कशाला लागतो? बायका हे करतात का? इंग्रजीत हे हसू येतं का? पहिल्या रांगेत ती रिटायर्ड बस-ड्रायव्हर बाई असायची, जी नॉटिंगहॅमच्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळ्यांना प्रेमाने "डक" म्हणायची आणि दर वेळी तोच प्रश्न टाकायची: "त्या दुसऱ्याला तितकाच पगार मिळतो का, डक?" तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर द्यायचात. एकदा म्हणालात, "जास्त मिळायला हवा. त्याला रोज नवा असल्यासारखा जुना विनोद ऐकावा लागतो." ती म्हणाली, "म्हणजे संसारासारखंच की." माझा हुंकार त्या दिवशी वाया गेला.

आणि ती चूक, जिच्यासाठी तुम्ही मला बोललात. तिसरा किंवा चौथा गुरुवार असेल. तुम्ही एक गाठोडं बांधत होतात, आणि मला तोवर सगळं इतकं कळलं होतं, समजावून सांगण्याची हौस तर मला पहिल्यापासून, की तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तेव्हा मी श्रोत्यांकडे वळून म्हणाले, "लक्षात आलं का, मघाशी छत्रीचा उल्लेख का केला ते?" गाठ तिथेच सुटली आणि आतून नुसतं फडकं निघालं. चहाच्या वेळी तुम्ही कप हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत. "तुला उत्तर द्यायला कुणी सांगितलं? टेबलामागचा माणूस उत्तर देत नाही. तो विचारतो. माझ्या हातून काही पडलं, तरी तो विचारतो. असं विचारतो की पडलेली वस्तू माझ्या हातात परत येते आणि हॉलमध्ये कुणाला कळत नाही. कुणालाही नाही. कळलं?" मी "हो" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बघ, परत उत्तर दिलंस."

हा नियम मी पाठ केला. पुढे तो इतका अंगवळणी पडला की नियम आहे हेच विसरले.

तुमची हुकमी गोष्ट होती ट्रामचे थांबे. तुमच्याकडे एका दमात लांबच लांब याद्या म्हणण्याची परंपरा आहे, पदार्थांच्या, गावांच्या, आणि तुम्ही ती उचलून इथे आणली होतीत: शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सगळे थांबे, क्रमाने, श्वास न तोडता. लोक मोजत, टाळ्या वाजवत. तुमच्या शेवटच्या हिवाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी तुम्ही सुरू करता, माझी बोटं टेबलाखाली सवयीने मोजताहेत, आणि मध्यावर एक थांबा गळतो. तुमचा थांबा. ज्यावर तुम्ही वीस वर्षं रोज चढलात आणि उतरलात. तुम्ही पुढे जात नाही. तुमचं तोंड किंचित उघडं आहे. हॉलला वाटतंय हा विराम आहे. मला माहीत आहे की तो विराम नाही, कारण विरामात तुमचा पंखा हलतो आणि आत्ता तो हलत नाहीये. मी विचारते, "मग तुम्ही घरी कसे जाता?"

हॉल कोसळतो. बस-ड्रायव्हर बाई डोळे पुसते आहे. "याला कुणीतरी सोडा रे घरी, डक." तुम्ही माझ्याकडे बघता, जरा वेळ बघता, मग पंखा उघडता आणि पुढचे थांबे म्हणून यादी पुरी करता. त्या सबंध वर्षातलं ते आपलं सगळ्यात मोठं हसू होतं. पुढच्या गुरुवारी लोकांनी तेच परत मागितलं.

त्या हिवाळ्यात मी हे काम मन लावून, पद्धतशीरपणे शिकले, कारण मला कुठलीही गोष्ट तशीच शिकता येते. तुमचा शब्द अडला की तो माझ्या पुढच्या प्रश्नात घालायचा. "पंखा" सापडत नसेल तर, "तो पंखा तुम्ही आजोबांकडून घेतलात की दुकानातून?" "कारखाना" सापडत नसेल तर, "कारखान्यात मालक हसायचे का?" तुम्ही शब्द उचलायचात आणि पुढे निघायचात. सुरुवातीला एका संध्याकाळी एकदा, मग तीनदा, फेब्रुवारीत तर मोजणं मी सोडून दिलं. आपण पूर्वीपेक्षा चांगले झालो होतो, हेच सगळ्यांत विचित्र. लोक म्हणायचे, तुमच्या दोघांचं काय जमलंय. खरंच जमलं होतं. तुमच्या वाक्यातली भोकं मला वाक्याआधी दिसायची.

मार्चमध्ये तुमची मुलगी आली. हॉस्पिटलच्या फार्मसीतून सुटून तशीच, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. चहाच्या टेबलापाशी तिने मला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला बाबांमध्ये काही फरक वाटतो का? घरी शब्द विसरतात. परवा किटलीला काय म्हणतात ते आठवेना. मी आमच्या जीपी डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट घ्यावी म्हणते, पण ते ऐकत नाहीत. म्हणतात, गुरुवारी येऊन बघ, मग बोल." हॉलच्या पलीकडच्या टोकाला तुम्ही खुर्च्या लावत उभे होतात. तुम्ही आमच्याकडे बघत होतात. मिटलेला पंखा हातात होता.

मी म्हणाले, "नाही हो. इथे अगदी नेहमीसारखे असतात. तुम्ही आत्ता ऐकलंतच."

तिचे खांदे खाली आले. इतकं हलकं होताना मी कुणाला पाहिलेलं नाही. "मग घरी कंटाळतच असतील," ती म्हणाली. "किंवा माझ्याशी बोलायला." ती हसली आणि मीही हसले.

त्यानंतर आपले पाच गुरुवार झाले. पाचव्याला, निघताना, ट्रामच्या थांब्यावर तुम्ही खिशातून तो रुमाल काढून माझ्या हातात दिलात. गाठ मारलेला होता. "घरी जाऊन सोड." मला वाटलं गंमत आहे, चमचा असेल. आत एक चमचा होता, एक किल्ली, आणि घडी घातलेला कागद. त्यावर सगळे थांबे क्रमाने लिहिलेले, इंग्रजीत, आणि प्रत्येकापुढे तुमच्या लिपीत त्याचा उच्चार. तुमच्या थांब्याखाली दोन रेघा. कागद घड्यांवर फाटत आला होता. रोज उघडून, रोज पाठ करून फाटतो तसा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे तुम्ही मला दाखवत होतात, एकेक वस्तू उचलून, नाव घेऊन. मी काय केलं? मी तो कागद वहीत ठेवला आणि ठरवलं की पुढच्या गुरुवारी यावर एक छान प्रश्न तयार करायचा.

सोमवारी तुम्हाला पक्षाघाताचा मोठा झटका आला. डॉक्टरांनी तुमच्या मुलीला सांगितलं की याआधी लहान लहान झटके येऊन गेलेले दिसतात, बहुधा काही महिने, आणि ते वेळेत लक्षात आले असते तर औषधं सुरू करता आली असती. तेवढ्याने वाचले असते असं कुणीच म्हणालं नाही. वाचले नसते असंही नाही. तुम्ही नऊ दिवस होतात. मी दोनदा आले. तुमचे डोळे उघडे होते आणि बोलणं गेलं होतं, आणि मी खुर्चीवर बसून तुम्हाला प्रश्न विचारत होते. एकामागून एक. प्रत्येकात एक शब्द घालून. तुम्ही एकही उचलला नाहीत. नर्स मला म्हणाली, "तुम्ही नुसतं बोला ना त्यांच्याशी, विचारत काय बसलात?" मला दुसरं येत नव्हतं.

अंत्यविधीच्या दिवशी तुमच्या मुलीने माझे दोन्ही हात धरले. "एक बरं झालं," ती म्हणाली, "गुरुवारी तरी ते शेवटपर्यंत पूर्वीसारखे होते. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं मला." हे वाक्य अकरा वर्षं माझ्या घरात राहतं. किटली ठेवताना असतं. वर्गात एखादं पोर फळ्यापाशी अडतं आणि माझ्या जिभेवर त्याचा शब्द आपोआप येतो, तेव्हा असतं.

गुरुवार मी चालू ठेवले. तोच हॉल, तोच डबा, खुर्च्यांत आता नवी माणसं. बस-ड्रायव्हर बाई गेली. मी टेबलामागेच उभी राहते, बाजूची जागा रिकामी ठेवते, लोकांना वाटतं ही समजावण्याची पद्धत आहे. गेल्या गुरुवारी डब्यात एक चिठ्ठी निघाली: "पहिला खरोखरच विसरला, तर दुसरा काय करतो?" अक्षर मी ओळखलं. दर ख्रिसमसला ते कार्डावर येतं. मी वर पाहिलं. शेवटच्या रांगेत तुमची मुलगी बसली होती, कोट न काढता. केस पांढरे झालेत. जबडा तुमचा.

आणि मी उत्तर दिलं. अगदी नीट, पायरी पायरीने, उदाहरणासकट. की दुसरा हरवलेला शब्द प्रश्नात गुंडाळून पहिल्याच्या हातात देतो, की हे इतक्या सफाईने करतो की हॉलला कधीच कळत नाही, की यातच त्याचं कसब आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या एका तरुणाने विचारलं, "कधीच नाही? घरच्यांनाही नाही?" आणि मी, तुमच्या हाताखाली शिकलेली, म्हणाले, "घरच्यांनाही नाही." ती तेव्हा उठली. चहाला थांबली नाही. दाराशी वळून तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. विरामात बघतात तसं, पुढचं ऐकायला थांबल्यासारखं.

लाओशी, अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या मार्चमध्ये मी तुमचा नियम पाळला. मी प्रश्नोत्तरांची बाई, मला कारण लागतं, आणि हे कारण सुबक होतं. ते खरं नाही. नियम मला नंतर आठवला. चहाच्या टेबलापाशी मला एवढंच दिसलं होतं की हिने अपॉइंटमेंट घेतली तर गुरुवार संपतील. या देशात मी तेव्हा नऊ वर्षं काढली होती, शाळेत माझा उच्चार सुधारणारे सहकारी होते, घरी आपापल्या खोल्यांत बसलेली माणसं होती, आणि कुणाला माझी गरज आहे अशी एकच जागा होती, त्या टेबलामागची. मला ती सोडायची नव्हती. तुम्ही पलीकडून पंखा धरून बघत होतात. तुम्ही "सांगू नको" म्हणत होतात की "सांग" म्हणत होतात, हे मला तेव्हाही कळलं नाही, कारण मी तो प्रश्न विचारलाच नाही. कागद हातात आल्यावरही नाही.

हे सगळं तुमच्या मुलीला लिहायला हवं, हे मला कळतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही मध्येच "हं" म्हणणार नाही, आणि म्हणाला नाहीत तरी मी थांबणार नाही. तिच्या पत्राचा कागद शेजारी ठेवला आहे. त्यावर अजून "प्रिय" एवढंच आहे. तो रुमालही तिलाच द्यायला हवा.

एक चाचणी सांगते. तुम्ही असतात तर गुरुवारी सगळ्यांकडून करून घेतली असतीत, कारण तिला काहीच सामान लागत नाही. आपल्या जवळचं एखादं वयस्क माणूस काही सांगताना एका शब्दापाशी अडलं, की तो शब्द द्यायचा नाही. "हं" म्हणायचं नाही. मनात पाचपर्यंत मोजायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. बहुतेकांना शब्द चारच्या आत सापडतो, मग काळजीचं कारण नाही. नाही सापडला, तर आपण काहीतरी पाहिलेलं असतं, आणि ते कुणालातरी सांगायचं असतं. काल आईचा नागपूरहून फोन आला. शेजारच्यांच्या नव्या गाडीबद्दल सांगताना ती रंगापाशी अडली. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. मग मी विचारलं, "निळी घेतली की काय?" "हो, निळी," आई म्हणाली आणि पुढे निघाली. तिला तो सापडला असता की नाही, ते मला माहीत नाही.